दीड क्वार्टर आणि सकाळचे साडेसहा

यात्रांचा हंगाम आला की मला येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. एरवी वाटण्या, उतारे, पोटगी. मार्चपासून पाऊस पडेपर्यंत मात्र गाडी, दारू आणि पोलीस. गेली एकतीस वर्षं मी बेळगावच्या कोर्टात मोटार अपघातांच्या नुकसानभरपाईचे दावे चालवते आहे, त्यामुळे ही पत्रं वाचताना त्यांच्या पुढची पानंही मला दिसतात. या वेळी सहा पत्रं घेतली आहेत. नावं सगळ्यांची गाळली आहेत.

वकील अक्का, मी बेकिनकेरे भागातला. मालकाचा टेम्पो चालवतो. रताळी, बटाटे, कोबी घेऊन रोज पहाटे बेळगावच्या मार्केटला. गावची यात्रा होती, पाहुणे होते. रात्री दहाला बसलो ते साडेबारा झाले. दीड क्वार्टर झाली असेल. जेवलो, झोपलो. सहाला उठून आंघोळ केली, चहा घेतला, गाडी काढली. साडेसहाला नाक्यावर यंत्रात फुंकायला लावलं, ४६ आलं. देवाशपथ सांगतो, सकाळी थेंब घेतला नव्हता. लायसन काढून घेतलं आणि एक पावती दिली. त्या पावतीवर गाडी चालवता येते म्हणून सगळे सांगूलालेत. दंड किती, आणि मी आता काय करू?

दादा, पहिली गोष्ट, टेम्पो उभा ठेवा. हे आधी सांगते, कारण पत्र छापून तुमच्या हातात पडेपर्यंत तुम्ही त्या पावतीवर चार फेऱ्या मारल्या असतील अशी मला भीती आहे. तुम्हाला सांगणारे जुन्या अनुभवावर बोलत आहेत. काही प्रकरणांत पोलिसांनी दिलेल्या पोचेवर लायसन परत मिळेपर्यंत गाडी चालवता येते, ते खरं. पण २०१९ मध्ये मोटार वाहन कायदा बदलला, त्याच्या कलम २०६ ला नवीन पोटकलम जोडलं गेलं. दारू पिऊन गाडी चालवणं, अतिवेग, धोकादायक चालवणं अशा गुन्ह्यांत लायसन जप्त झालं तर मिळणारी पोच गाडी चालवायचा परवाना ठरत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. आणि पुढे लायसन निलंबित झाल्यावरही तुम्ही गाडी चालवताना सापडलात, तर त्याची शिक्षा वेगळी, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही.

आता ४६ चा हिशेब. तुम्ही शपथ घेतलीत, आणि माझा तुमच्यावर विश्वास आहे. तुम्ही सकाळी प्यायला नव्हता. पण कायदा ‘केव्हा प्यालात’ हे विचारत नाही. कलम १८५ एवढंच बघतं की गाडी चालवताना १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल होतं का. नशा वाटत होती की नव्हती, गाडी सरळ चालली होती की नव्हती, याला तिथे जागा नाही.

आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये अल्कोहोल असतं ४२.८ टक्के. म्हणजे ६० मिलिलिटरच्या एका लार्जमध्ये साधारण २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जातं. सत्तर किलोच्या पुरुषाच्या रक्तात त्यानं आकडा चाळिसाच्या आसपास चढतो. नीट वाचा, एका लार्जलाच ३० ची मर्यादा ओलांडली जाते. एक क्वार्टर म्हणजे तीन लार्ज, दीड क्वार्टर म्हणजे साडेचार. साडेचार चोक अठरा, म्हणजे १८० पर्यंत गेलं. आता उतरायचं कसं? यकृत आपल्या गतीनं काम करतं, तासाला साधारण १५. कुणाचं १०, कुणाचं २०, पण घाई कुणाचंच करत नाही. १८० वरून ३० वर यायला १५० उतरायला हवेत, म्हणजे दहा तास. तुम्ही रात्री दहाला पहिला ग्लास उचललात. सकाळी आठच्या आधी गाडीला हात लावायचा नव्हता, आणि माझं विचाराल तर दुपारपर्यंत नाही. साडेसहाला ४६ दाखवणारं यंत्र खोटं बोलत नव्हतं.

आंघोळीनं माणूस ताजा होतो, रक्त ताजं होत नाही. चहा, लिंबू, ताक, वर मारलेली झोप, यातल्या कशानंही तो १५ चा आकडा वाढत नाही. उलट चहानं झोप उडते आणि आपण शुद्धीत आहोत असं वाटायला लागतं, म्हणून तो जास्त फसवा.

आता पुढे काय. हा गुन्हा नाक्यावर पैसे भरून मिटत नाही. बाकीची बरीच चलनं जागेवर तडजोडीनं भरता येतात, १८५ त्या यादीत नाही. त्यामुळे ‘इथेच पाच देऊन टाक’ असं कुणी, कुठेही म्हणालं तर ते पैसे सरकारात जात नाहीत एवढं समजा. तुम्हाला न्यायालयात जावं लागेल. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा १५,००० दंड, किंवा दोन्ही.

पण दादा, दहा हजार ही यातली सगळ्यात हलकी बाजू आहे. तुमच्यासाठी जड आहे ते लायसन. परिवहन खात्याकडे लायसन गेलं की पहिल्या वेळी तीन महिन्यांसाठी अपात्र ठरवतात आणि उजळणीचा प्रशिक्षण वर्ग केल्याशिवाय ते परत मिळत नाही. दुसऱ्या वेळी लायसन रद्दच. हे झालं खात्याचं. न्यायालयात दोषी ठरलात तर कलम २० प्रमाणे न्यायाधीशांनी कमीत कमी सहा महिने अपात्र ठरवायचं आहे.

माझ्याकडे खानापूर बाजूचे एक वडाप, म्हणजे प्रवासी गाडी, चालवणारे गृहस्थ आले होते. कोर्टात उभं राहिल्या राहिल्या ‘कबूल’ म्हणून दंड भरून मोकळे झाले होते, आणि मग कागद घेऊन माझ्याकडे आले. लायसन सहा महिने गेलं हे त्यांना त्या कागदातून मी वाचून दाखवलं. गाडीचा हप्ता महिन्याला अकरा हजार. दुसरा चालक ठेवला, तो दिवसाचे पाचशे घ्यायचा. चौथ्या महिन्यात गाडी फायनान्सवाल्यांनी ओढून नेली. ते गृहस्थ माझ्यासमोर बसून दंडाच्या पावतीची घडी घालत होते, उघडत होते, परत घालत होते. म्हणून सांगते, कबुली द्यायची की नाही हा तुमचा निर्णय, पण कागदावर काय लिहिलंय ते कळल्याशिवाय देऊ नका. यंत्रातून निघालेल्या चिठ्ठीची प्रत मागून घ्या, तिच्यावर वेळ आणि आकडा असतो. परिवहन खात्याची नोटीस येईल तेव्हा जा. तुमचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय त्यांना आदेश काढता येत नाही, आणि आदेशावर ३० दिवसांत अपील करता येतं. मालकाला आजच खरं सांगा. लपवून गाडी चालवलीत आणि काही झालं तर विमा कंपनी त्याच्या मागे लागेल, आणि तो तुमच्या.

नमस्कार मॅडम, मी उचगावचा, शिनोळीच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. रोज बाची ओलांडून महाराष्ट्रात जातो. बाईक केए-२२. आमच्यात रोज वाद होतो, कुणी म्हणतं तिकडे वेगाची मर्यादा वेगळी, इकडे वेगळी. कुणी म्हणतं कर्नाटकच्या गाडीला महाराष्ट्राचं चलन लागत नाही. खरं काय?

बाळा, बाचीला भाषेचा फलक बदलतो, कायदा बदलत नाही. मोटार वाहन कायदा केंद्राचा आहे, १९८८ चा. वेगाच्या कमाल मर्यादा केंद्रानं एप्रिल २०१८ मध्ये ठरवल्या. तुझ्या बाईकला दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर, नगरपालिका-महानगरपालिकेच्या हद्दीत ६०, आणि इतर सगळ्या रस्त्यांवर ६०. वेंगुर्ला रस्ता हा ‘इतर’ मध्ये येतो. मोटारीला हेच आकडे १००, ७०, ७०. मालवाहू गाडीला ८०, ६०, ६०. रिक्षाला सगळीकडे ५०.

हे झालं छप्पर. याच्या खाली प्रत्येक राज्य आपापल्या रस्त्यांवर आकडा कमी करू शकतं, आणि तसा फलक लावला की तिथे तो फलकच कायदा. शाळेजवळ, दवाखान्याजवळ, घाटात फलकावर ३० असेल तर ‘केंद्रानं ६० दिलेत’ हे सांगून चालत नाही.

दोन राज्यांत आणखी फरक पडतो तो तडजोडीच्या रकमेत. कायद्यात वेगासाठी हलक्या वाहनाला १,००० ते २,००० आणि मध्यम-जड वाहनाला २,००० ते ४,००० दंड आहे. जागेवर किती घ्यायचे ते प्रत्येक राज्य स्वतः ठरवतं, म्हणून मित्रांचे आकडे जुळत नाहीत. आणि महाराष्ट्राचं चलन केए-२२ ला लागतं. ते गाडीच्या नंबरावर चढतं आणि न भरता राहिलं तर तिथेच बसून राहतं.

तू विचारलं नाहीस तरी एक हिशेब देते. समोर काही आलं हे कळून ब्रेकवर पाय जायला एक सेकंद धरला आणि रस्ता कोरडा, टायर चांगले धरले, तर ६० च्या वेगाला गाडी थांबायला साधारण ३७ मीटर लागतात. ८० ला ५८. एकवीस मीटरचा फरक म्हणजे ऊस भरलेला ट्रॅक्टर आणि त्याच्या दोन ट्रॉल्या यांची लांबी भरून निघेल एवढा. आणि त्या बदल्यात मिळतं काय? दहा किलोमीटरला ६० नं दहा मिनिटं, ८० नं साडेसात. अडीच मिनिटं. सुळग्याच्या पुढे पावसाळ्यात रस्ता कसा होतो ते तुला मी सांगायला नको. हंगामात रात्रपाळीहून येताना ट्रॉलीच्या मागच्या बाजूला ना लाल दिवा ना चमकपट्टी, आणि ती तुला पन्नास मीटरवर दिसते. माझ्या कपाटात अशा ट्रॉलीच्या मागे जाऊन बसलेल्या मुलांचे नऊ दावे आहेत. सगळे तुझ्या वयाचे.

वकीलबाईंना सा. न. वि. वि. वय ७४, टिळकवाडी. वैद्यांनी जेवणानंतर द्राक्षासव दिले आहे. स्कूटर अजून चालवतो. यंत्रात दारू दिसेल काय?

आजोबा, आसव-अरिष्टांत आंबवल्यामुळे तयार झालेलं अल्कोहोल असतंच. दोन-चार चमच्यांनी रक्तातला आकडा ३० च्या जवळपासही जात नाही. पण घेतल्या घेतल्या तोंडात जे राहतं त्यानं यंत्र काही मिनिटं भलतंच दाखवू शकतं. औषध घेतल्यावर वीस मिनिटं स्कूटर काढू नका. तरी अडवलंच तर चूळ भरून पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी करा अशी विनंती करा, बाटली दाखवा. चाचणी नाकारू मात्र नका. नकार दिल्यावर संशय असेल तर विनावॉरंट अटक करता येते आणि तो नकार न्यायालयात तुमच्याविरुद्ध वाचला जातो. आणि हो, चौऱ्याहत्तरीत स्कूटरवर डोळ्यांची तपासणी दरवर्षी.

निपाणीहून लिहितो. तंबाखूचा व्यापार. हायवेवर घाटातल्या वळणाजवळ कॅमेऱ्यानं गाडी टिपली, वेग ९२. नोटीस कन्नडमध्ये आली. चौपदरीला १०० ची मुभा आहे ना? शिवाय त्या दिवशी गाडी मुलगा चालवत होता. हे चलन आपोआप रद्द होते असे ऐकले.

आपोआप काहीच रद्द होत नाही, साहेब. १०० हा वरचा आकडा आहे. घाटात, वळणावर फलक कमी आकड्याचा असेल तर त्या फलकापासून पुढे तोच लागू. तेव्हा नोटिशीत दिलेली जागा बघा आणि जाऊन त्या ठिकाणच्या फलकाचा फोटो काढा. कॅमेऱ्यानं टिपायचं असेल तर तशी सूचना देणारा फलक आधी लावलेला असायला हवा, यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं, नोटिशीसोबत फोटो, वेग, तारीख, वेळ आणि जागा हवी, आणि गुन्हा घडल्यापासून १५ दिवसांत नोटीस निघायला हवी. हे केंद्रीय नियम १६७-अ मध्ये २०२१ पासून आहे. यातलं काही खरोखर चुकलं असेल तर हरकत घ्या. सगळं बरोबर असेल तर पैसे भरा.

मुलगा चालवत होता हे लपवू नका. पोलिसांनी विचारल्यावर चालकाची माहिती देणं हे मालकावर कायद्यानंच बंधन आहे. चलन तुमच्या नावानं आलं म्हणून तुम्ही भरलंत आणि त्याला कळलंच नाही, असं करू नका. त्याच्याच हातानं भरायला लावा.

कन्नडबद्दल. मी मराठी शाळेत शिकले, कन्नड लिपी वकिलीत आल्यावर, पंचविशीत गिरवली. मराठीत कागद मिळावा ही मागणी मी सोडलेली नाही, पण मागणी पूर्ण होईपर्यंत नोटीस उशाखाली ठेवू नका. ‘अतिवेग’ म्हणजे अतिवेगच. ‘वेगमिती’ म्हणजे वेगमर्यादा. ‘चालक’, ‘दंड’, ‘मद्यपान’ हे शब्द जसेच्या तसे आपलेच आहेत, फक्त लिपीनं तोंड झाकलेलं आहे. घाटातला ‘निधानवागि चलिसि’ म्हणजे सावकाश चालवा. लिपी येत नसेल तर घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोराला वाचायला द्या, आपल्याकडे ती सगळी कन्नड शिकतात. आणि न्यायालयात उभं राहायची वेळ आली तर आरोप कळणाऱ्या भाषेत समजावून मागा. तो तुमचा हक्क आहे, उपकार नाही.

ताई, वडगावहून लिहिते. आमचे मालक हातमागावरून यंत्रमागाकडे वळले, मग व्यवहार वाढला तशा पार्ट्याही वाढल्या. आठवड्यातून दोनदा पिऊन येतात, तोंडात वेलदोडा टाकून. लग्नाकार्याला मी मागे बसलेली असते. स्कूटर माझ्या नावावर आहे, माझ्या भावानं घेऊन दिलेली. मी बोलले की म्हणतात, आजपर्यंत कुठं पडलो? पोलिसांनी धरलं तर मलाही गुन्हा लागेल काय?

ताई, नुसतं मागे बसण्याचा गुन्हा लागत नाही. दारू प्यायलेल्याला गाडी चालवायला चिथावलं, भरीस घातलं, तर मात्र कलम १८८ खाली तीच शिक्षा आहे जी चालवणाऱ्याला. हे पार्टीतल्या त्या मित्रांना लागू पडू शकतं जे म्हणतात, ‘काय होत नाही, जा की सावकाश.’

पण तुमचं पत्र वाचताना मी थांबले ते ‘स्कूटर माझ्या नावावर आहे’ या चार शब्दांवर. त्याचा अर्थ असा. तुमच्या यजमानांनी कुणाला ठोकलं आणि ते प्यायलेले निघाले, तर स्कूटरची भरपाई विमा कंपनी देणार नाही. पॉलिसीत तशी अटच असते. यंत्रात फुंकलं नव्हतं म्हणून सुटतो असंही नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये दिल्लीतल्या एका महागड्या गाडीच्या दाव्यात सांगितलं, की चाचणी झालेली नसली तरी तोंडाला येणारा वास आणि बाकीची परिस्थिती यांवरून विमा कंपनी दारू सिद्ध करू शकते. हे झालं स्वतःच्या गाडीचं. समोरचा माणूस जखमी झाला किंवा गेला तर त्याच्या घरच्यांना विमा कंपनीनं आधी पैसे द्यावेत आणि मग गाडीच्या मालकाकडून वसूल करावेत, असे आदेश मी वारंवार होताना पाहिले आहेत. मालक म्हणजे आरसी बुकावरचं नाव. म्हणजे तुम्ही, ताई. वीस लाखांचा निवाडा झाला तर वसुलीची नोटीस तुमच्या नावानं येईल, प्यालेलं कुणीही असो.

हे त्यांना वाचून दाखवा. ‘तुम्ही पडाल’ याचा परिणाम होत नसेल तर ‘माझ्या नावावर जप्ती येईल’ याचा कदाचित होईल. आणि किल्ली तुमच्याकडे ठेवा. गाडी तुमची आहे, तो तुमचा अधिकार आहे. भांडण होईल हे मला माहीत आहे. हात उचलायची वेळ येत असेल तर ते मला स्वतंत्रपणे लिहा, त्याचं उत्तर इथे छापणार नाही.

‘आजपर्यंत कुठं पडलो’ हे वाक्य आमच्या घरातलं आहे. माझा धाकटा भाऊ हेच म्हणायचा. मी तेव्हा नुकती वकील झाले होते. आत्याच्या गावची महालक्ष्मीची यात्रा, अंगणात मांडव, रात्रीचे अकरा. तो दोनच प्याला होता, दोन की तीन, आता कोण सांगणार. सकाळी त्याला कामावर जायचं होतं. स्कूटर चालू करताना दोनदा किक हुकली तेव्हा सगळे हसले. मीही हसले. थंडी होती म्हणून मी धावत आत जाऊन त्याचा स्वेटर आणला आणि त्याच्या हातात दिला. रस्त्यात दुसरी गाडी नव्हती, खड्डा नव्हता, कुणाची चूक नव्हती. एक वळण होतं, त्याच्या रोजच्या पायाखालचं. त्या अंगणात आम्ही पंचवीस माणसं होतो, ताई, आणि एकानंही किल्ली मागितली नाही. स्वेटर मात्र दिला.

मॅडम, मी निवृत्त शिक्षक, कडोली. यंदा आमच्या यात्रेच्या वेळी दोन दुचाकींचे अपघात झाले, त्यातला एक पोरगा अजून अंथरुणाला आहे. दंड दोन हजारांचा दहा हजार झाला, तरी फरक का पडत नाही? आणि गावानं काय करावं?

गुरुजी, दंड वाढला तरी पिणाऱ्याच्या डोक्यात तो नसतोच. ग्लास हातात असताना कुणी कलम आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की घर चार किलोमीटरवर आहे. कायदा काय कमी कडक आहे का? मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर २००६ मध्ये एकानं पदपथावर झोपलेल्या मजुरांवर गाडी घातली, सात जण गेले. त्याच्या रक्तात आढळलेलं अल्कोहोल मर्यादेच्या जवळजवळ चौपट होतं. त्याला नुसता निष्काळजीपणा न मानता सदोष मनुष्यवधाचा गुन्हा धरला गेला, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तीन वर्षांची शिक्षा कायम केली. आता नव्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणानं मृत्यू घडवला तरी पाच वर्षांपर्यंत कैद आहे. हे सगळं खरं, पण हे अपघात झाल्यानंतरचं आहे. तुम्ही विचारताय ते आधीचं.

आधीचं म्हणजे, पहिला ग्लास भरायच्या आधी घरी जायची सोय ठरलेली असणं. नंतर ठरवणारं डोकं जाग्यावर नसतं. म्हणून यात्रा कमिटीच्या पहिल्या बैठकीत मांडव आणि बँडबाज्यासोबत हे तीन खर्च लिहून घ्या असं मी सुचवेन. परिवहन मंडळाकडे रात्रीच्या जादा बससाठी अर्ज, तोही महिनाभर आधी. गावातल्याच न पिणाऱ्या दोन-तीन टेम्पो-रिक्षावाल्यांना रात्री बारापर्यंतची बिदागी. आणि पाहुण्यांच्या गाड्या गावाबाहेरच्या मैदानात, राखणदारासकट, म्हणजे लडखडत अंगणात येऊन किक मारायची सोयच उरणार नाही. वर्गणी काढताना घरटी पन्नास रुपये जास्त पडतील. अंथरुणावरच्या त्या मुलाच्या आईवडिलांना विचारा, ते पाचशे द्यायला तयार होतील.

झोपायच्या जागेचाही विचार करा. आपल्याकडे पाहुण्याला ‘रहा’ म्हणतात, पण जेवण झालं की वाकळा कमी पडतात हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून पाहुणाही उठतो. त्या मुलाच्या बाबतीत काय झालं ते मला ठाऊक नाही, पण माझ्या भावाला त्या रात्री कुणी अंथरूण दाखवलं असतं तर तो आडवा झाला असता, एवढा दमलेला होता.

आत्या गेली, ते घर आता आमच्याकडे आहे. यात्रेला अजूनही चाळीस पानं उठतात. दारातच डाव्या हाताला भिंतीत एक कोनाडा आहे, पूर्वी तिथे चिमणी ठेवायची. त्यात मी पितळेचं ताट ठेवलं आहे. येणारा पाहुणा, मग तो जावई असो की पोलीस खात्यातला भाचा, पाय धुतले की किल्ली त्या ताटात टाकतो आणि मग आत येतो. जेवणं झाल्यावर किल्ली मागायला माझ्याकडे यावं लागतं. मागच्या वर्षी अकरा किल्ल्या रात्रभर तिथेच राहिल्या. वीस वाकळा भाड्यानं आणल्या होत्या, तरी तीन कमी पडल्या. यंदा पंचवीस सांगितल्या आहेत.